चहाडखोर गोळी

दिसायला अगदी गरीब. व्हिटॅमिनच्या मोठ्या कॅप्सूलएवढी, जेमतेम दोन सेंटिमीटरची, वरून सिलिकॉनचा गुळगुळीत लेप. औषध म्हणाल तर कणभरही नाही. आत एक इवलीशी बॅटरी आणि क्वार्ट्‌झचा स्फटिक. भोवतालची ऊब बदलली की स्फटिकाच्या कंपनांचा वेग बदलतो आणि ही बया ते रेडिओ लहरींवरून कमरेला लावलेल्या यंत्राला कळवते. पोटात राहायचं आणि पोटातलं बाहेर सांगायचं, हा हिचा धंदा.

घराणं मात्र मोठं. जन्म 1980 च्या दशकातला, जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत, नासाच्या गोडार्ड केंद्राच्या साथीनं. 1998 मध्ये जॉन ग्लेन वयाच्या 77 व्या वर्षी पुन्हा अंतराळात गेले, तेव्हा त्यांनीही हिला गिळलं होतं.

पण हिचा कस लागतो तो अग्निशामकाच्या जाड पोशाखात. प्रयोगासाठी तापवलेल्या खोलीत गडी ट्रेडमिलवर चालतोय. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, पाठीवर हवेचा सिलिंडर. घामाच्या धारा लागल्यात. पण घाम उडाला तर अंग निवणार; कोटाच्या आत साचलेल्या घामाचा काय उपयोग? कपाळाच्या नि कानाच्या आकड्यावर अशा वेळी विसंबता येत नाही. गड्यालाच विचारावं, तर म्हणतो, ‘‘ठीक आहे, चालतो अजून.’’ तेवढ्यात ही आतून कळवते: 38.4 अंश सेल्सिअस. मग 38.7. 39 च्या आसपास पुष्कळ प्रयोगांत थांबवतातच. गडी कुरकुरतो. माझं मत गोळीला. कोट उतरवून तो खुर्चीत टेकला तरी आकडा थोडा वेळ चढतच राहतो, हेही हिच्यामुळेच कळतं.

दोष आहेतच. जठरात असताना वरून गार पाण्याचा घोट आला की ही लगेच बिथरते आणि भलताच कमी आकडा सांगते. म्हणून काही तास आधी गिळायची, आतड्यात उतरू द्यायची. त्यापेक्षा गुदद्वारातून घातलेली तार भरवशाची, असं जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे, ती घालून शिडी चढायला कोण तयार होणार?

ही आत असेपर्यंत एमआरआय करायचा नाही. कोणाच्या पोटातून दिवसाभरात निघते, कोणाच्या पोटात दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते. किंमत काही कमी नाही, तरी परत मागायचा मोह सहसा कोणाला होत नसावा.