निजलेली कळलावी

आमच्या दफनभूमीच्या कुंपणावर दर पावसाळ्यात कळलावी चढते. वाचकांपैकी पुष्कळांनी तिला रानात पाहिले असेलच. उलट्या वळलेल्या पाकळ्या प्रथम हिरवट, मग पिवळ्या आणि शेवटी निखाऱ्यासारख्या लाल होतात. पानांची टोकेच आकड्यासारखी वळून शेजारच्या काटकीला धरून बसतात. वैशाखात जेथे गवताची काडी उरत नाही, तेथून ही मृगाच्या सरींबरोबर वर येते, याचे आम्हांस मोठे कौतुक. म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही तिचा एक कंद खणून आमच्या निवासापुढे लावला.

ते कौतुकच नडले. दिवाळीनंतर वेल वाळली, ती तहानेनेच, असे समजून आम्ही उन्हाळाभर तेथे रोज घागरभर पाणी ओतले. जूनमध्ये उकरून पाहतो तो कंदाचा चिखल झालेला! सेमिनरीत आम्हांस लॅटिन शिकविले, बागकाम नव्हे.

चर्चची झाडलोट करणाऱ्या आजी हे पाहत होत्या. म्हणाल्या, "फादर, तिला निजू द्या. निजलेल्याला कोण पाणी पाजतं?"

पुढच्या खेपेस त्यांच्याच सांगण्याप्रमाणे केले. कंद दोन बोटे फाकल्यासारखा असतो आणि प्रत्येक बोटाच्या टोकास एकच डोळा. तो मोडला की त्या बोटास पुन्हा कोंब येणे कठीण; तेव्हा खणताना हात हळू हवा. पावसाच्या तोंडी भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत दोन-तीन इंच खोल कंद आडवा ठेवावा, आधारास तुरकाट्या द्याव्या. वेल पिवळी पडली की पाणी बंद. बी पेरल्यास फुलांसाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते.

फुले आली तशी कुरकुरही आली. कळलावी दारी असली की घरात भांडणे लागतात म्हणे! आम्ही हसून समजावू लागलो, की ही कळ भांडणाची नव्हे, बाळंतिणीची. अडलेल्या बाईस हा कंद लावीत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

आजींनी केरसुणी खाली ठेवली. "माझ्या थोरल्या बहिणीला लावला नाही, उगाळून पाजला. पोर वाचलं. ती नाही."

आमची विद्वत्ता तेथेच थांबली. या वेलीच्या सर्वांगात, विशेषतः कंदात व बियांत, कॉल्चिसिन नावाचे विष आहे. रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. प्रथम ओकाऱ्या व जुलाब होतात, पुढे मूत्रपिंडे व रक्त बिघडते. कोणी खाल्लाच, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता त्यास तत्काळ इस्पितळात न्यावे, आणि कंदाचा तुकडाही दाखवावयास न्यावा.

कॅटेकिझमची मुले आमच्या अंगणातच खेळतात. वेल उपटून टाकू का, असे आम्ही आजींस विचारले.

"वेलीनं काय केलं? पाजणाऱ्यानं पाजलं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाभळीच्या काट्यांचा भारा घेऊन आल्या. यंदा तीन कोंब वर आले आहेत. कुंपण त्यांनीच घातले. आम्हांस फक्त सुतळी धरावयास सांगितले.