पादचाऱ्याचे व्याकरण

‘रस्त्यावर येणे’ म्हणजे उद्ध्वस्त होणे. हा वाक्प्रचार कल्याण स्थानकाबाहेर वाच्यार्थानेही खरा ठरतो, असे आम्ही वर्गात गमतीने सांगतो. मुले हसत नाहीत. तीही त्याच वाटेने आलेली असतात.

16 एप्रिल 1853 रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली. पुढे डोंबिवलीसारखी गावे स्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात वाढली. त्याच पायी चालणाऱ्याला नंतर वाहतुकीतील अडथळा मानले गेले. 2008 मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला. पुढे कल्याणलाही आला. ठाण्यातील ‘सॅटिस’ची गोष्ट थोडी निराळी. तेथे बसच वरच्या मजल्यावर नेली, त्यामुळे रेल्वेच्या पुलावरून येणारा माणूस जिना न उतरता बसपाशी पोहोचतो. कल्याणात मात्र माणसालाच उचलून वर ठेवले आणि जमीन वाहनांना दिली. वाक्याचा कर्ता वाहन, माणूस केवळ कर्म! वस्तुतः वाहने नव्हे, माणसे वाहून नेणे महत्त्वाचे, हे तत्त्व 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने स्वीकारलेले आहे.

आमच्या एक ज्येष्ठ सहकारी, गुडघ्यांमुळे, त्या स्कायवॉकच्या खालूनच रिक्षांच्या रांगांमधून अंग चोरून जात. जिन्यापेक्षा धोका परवडतो, असे त्या म्हणत.

आणि सायकल? तिला जिना चढता येत नाही, आणि खाली तिच्यासाठी वेगळी रेघही नाही. डोंबिवलीच्या आमच्या दोन विद्यार्थ्यांनी आपापल्या सायकली यंदा विकल्या.