दुसरी सही

आमच्या वसईत मुलीचे लग्न ठरले की बापाची पहिली फेरी चर्चच्या कार्यालयात होते. स्नानसंस्काराचा ताजा दाखला, दृढीकरणाचा दाखला, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र, मग तीन रविवार मिस्सेत नावांची घोषणा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने आपल्या धर्मगुरूंना विवाह लावण्याचा अधिकार दिला आहे. चर्चच्या वहीतील नोंदींची प्रत दर तिमाहीस सरकारदरबारी रवाना होते. त्यामुळे चर्चमधील सहीपलीकडे दुसरी कुठली सही आपणांस ठाऊक नसते.

माझ्या थोरलीची सोयरीक गोव्यात, साष्टी तालुक्यात जमली. पहिल्याच बैठकीत व्याह्यांनी विचारले, "पहिली सही केव्हा ठेवूया?" साखरपुड्याचाच काही प्रकार असावा, असे समजून मी मान डोलावली. पुढे उलगडा झाला तो असा : गोव्यात वधूवरांनी आधी नागरी निबंधकापुढे विवाहाचा इरादा नोंदवायचा, ही पहिली सही. मग हरकतींसाठी नोटीस लागते. मुदत संपल्यावर साक्षीदारांसह दुसरी सही. चर्चमध्ये विवाह लावायचा तर निबंधकाचा ना-हरकत दाखला धर्मगुरूंच्या हाती पडल्यावाचून तो लागत नाही. पहिल्या सहीलाच लग्न समजून संसार थाटणारी आणि पुढे पस्तावणारी माणसेही तिथे आहेत म्हणतात.

संस्काराआधी सरकार, हे मनाला रुचले नाही. पण खरा पेच पुढेच होता.

वडिलोपार्जित वाडीचा एक तुकडा थोरलीच्या नावे करावा, अशी माझ्या दिवंगत पत्नीची इच्छा. गोव्याच्या कायद्यात, विवाहापूर्वी वेगळा करार नोंदवला नाही तर पतिपत्नीची सारी मालमत्ता समाईक होते. निम्मी त्याची, निम्मी तिची. वकिलांनी सांगितले, "वसईची जमीनही त्यात आली असे धरून चाला. करार करायचा तर लग्नाआधी, नंतर नाही." माझी झोप उडाली. करार मागावा तर व्याह्यांना वाटणार, वसईकर अविश्वासाने मुलगी देत आहेत. न मागावा तर आजोबांनी लावलेल्या नारळींत परक्याचा वाटा.

मी थोरल्या बहिणीकडे गेलो. तिचे यजमान मृत्युपत्र न करता वारले. घर त्यांच्या एकट्याच्या नावे होते. आपणांस लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना. मुलगे वाईट नाहीत. तरीही घराची दुरुस्ती काढायची झाली की तिला त्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. सारे ऐकून घेऊन अक्का म्हणाली, "भाऊ, तू वाडीचा निम्मा भाग जाताना पाहतोस. पोरीला तिथलं निम्मं घर पहिल्या दिवसापासून मिळतंय, ते नाही का दिसत? मला कुणी असं निम्मं दिलं असतं तर!"

मी निरुत्तर झालो. तरी मन पुरते निवळले नाही, हे कबूल करतो. समाईकीत कर्जेही येतात आणि जावयाचा तर नवा धंदा. अखेर मुलीलाच सगळे समजावून सांगितले. ती दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "पपा, त्यांच्याशी बोलले मी. कर्जाची कागदपत्रं त्यांनी पुढ्यात ठेवली. करार नको."

दुसऱ्या सहीच्या दिवशी मडगावला आम्ही सकाळीच पोहोचलो. कारकुनाने मान वर न करता विचारले, "विवाहपूर्व करार?" थोरलीने माझ्याकडे पाहिले नाही. "नाही," म्हणाली आणि सही केली. तिच्या आईच्या सहीसारखीच, शेवटचे अक्षर किंचित खाली ओढलेली.

दाखला हाती आला तेव्हा दुपार झाली होती. विहीणबाईंनी तो पाकिटात घातला आणि आम्ही तसेच फादरांकडे निघालो.