ओहोटीची वाट

गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि मांडवी ओलांडून काही मिनिटांत चोडणला टेकते. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. १९८८ साली ही खारफुटी राखीव झाली. पक्ष्यांसाठी आयुष्य वेचलेले सलीम अली आदल्याच वर्षी गेले होते.

खारफुटीतून जाणारी फरसबंद पायवाट इतकी लहान, की भराभर चाललं तर बघता बघता संपते. पण माझ्यासोबत आई होती. तिचं बालपण रायगडातल्या खाडीकाठच्या गावात गेलेलं. मी दुर्बीण घेऊन फांद्या धुंडाळत होते, आणि ती वाटेच्या कडेला वाकून चिखलात बघत होती.

"निवटी बघ!"

ओहोटी होती. ओल्या चिखलावर बोटभर मासा परांवर रेलून बसला होता, डोळे डोक्यावर. अंग ओलं असलं की हा कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून त्याला पाण्याबाहेर वावरता येतं. लहानपणी गुडघाभर चिखलात उतरून, बिळात हात घालून ती निवट्या धरायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग वाट तिचीच झाली. पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी चिखलातून वर आलेली तिवराची मुळं तिने दाखवली. चिखलात हवा नसते, म्हणून मुळंच श्वासाला वर येतात. तिवराच्या पानावर तिने बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. जिभेला लावलं, तर मीठ! झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे टाकून देतं. पुढे कांदळाच्या फांदीला शेवग्यासारख्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या. खरं तर ती रोपंच. याचं बी झाडावरच रुजतं, तिथेच हातभर वाढतं आणि मग गळून चिखलात रुततं, नाहीतर भरतीबरोबर जाईल तिकडे जातं.

पक्षी म्हणाल तर एक खंड्या दिसला, निळा, क्षणभर. मला त्याची चुटपुट लागली नाही.

मुळांच्या बुडख्यांशी पाणी चमकू लागलं. एकच नांगी मोठी असलेला इवला खेकडा ती नांगी हलवता हलवता बिळात शिरला. मघाची निवटी उसळी मारून एका मुळावर चढली.

"भरती लागली," आई म्हणाली, आणि तरी उठली नाही.