घरची बोली आणि वर्गातली उर्दू

2018 च्या सप्टेंबरात आम्ही दोघी मावसबहिणी ब्रॅडफर्डला पुन्हा विद्यार्थिनी झालो. इथे बी.एड. करून दहा-बारा वर्षे शिकवलेले होते. पण मियाँच्या नोकरीपाठोपाठ इंग्लंडला गेलो आणि तिथली पात्रता हवी म्हणून पीजीसीई नावाचा वर्षाचा अभ्यासक्रम घेतला. त्यातले किमान 120 दिवस शाळांमध्येच काढायचे असतात. म्हणजे पस्तिशी उलटल्यावर वही घेऊन मागच्या बाकावर बसायचे, आणि आपल्याहून लहान शिक्षिकेने आपला पाठ पाहून शेरा द्यायचा.

निघताना घरच्यांना काळजी होती ती थंडीची, ओढणीची आणि जेवणाची. ब्रॅडफर्डमध्ये यातले थंडीच तेवढी खरी निघाली. हलाल मटणाचे दुकान गल्लीच्या टोकाला होते आणि वर्गातल्या निम्म्या मुली ओढणी घेणाऱ्या. सवय करावी लागली ती सूर्याची. डिसेंबरात जोहरपासून मगरिबपर्यंत जेमतेम साडेतीन तास. शाळा सुटून बसच्या थांब्यावर पोहोचतो तोच अंधार. जूनमध्ये उलटे, मगरिबच साडेनऊच्या पुढे.

वर्गात एक गोष्ट पाहून हसू आले. प्रत्येक मुलापुढे एक छोटी पांढरी पाटी आणि पुसता येणारे पेन. शिक्षिकेने प्रश्न विचारला की सगळ्यांनी उत्तर लिहून पाटी एकदम वर धरायची. कोणाला येते, कोणाला नाही, एका नजरेत कळते. आपण पाटी जुनाट म्हणून माळ्यावर टाकली, त्यांनी ती नवी म्हणून आणली.

आम्हाला शिकवायचे होते उर्दू. तिथे ती फ्रेंच-जर्मनसारखी परभाषा म्हणून शिकवतात. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही गोष्टींना सारखे, पंचवीस-पंचवीस टक्के गुण. आपल्याकडे दहावीला भाषेच्या 100 पैकी 80 गुण लेखी परीक्षेला जातात, त्यामुळे सुरुवातीला आम्हाला वाटले, ही मुले घरात उर्दूच बोलतात, ऐकणे-बोलणे तर फुकटचे गुण! पहिल्याच आठवड्यात कळले की ती घरात उर्दू बोलतच नाहीत.

ब्रॅडफर्डची बरीच कुटुंबे मूळची मीरपूरकडची. कापडगिरण्यांत कामाला माणसे हवी होती, आणि त्याच सुमारास झेलम नदीवर मंगला धरण झाले. 1967 मध्ये ते पूर्ण झाले तोवर लाखभर माणसांची घरेदारे पाण्याखाली गेली होती. आमच्या रायगडात कोयनेचे धरणग्रस्त येऊन वसले, त्यांच्याकडून असल्या गोष्टी लहानपणी ऐकलेल्या. त्यामुळे हे कोणी सांगितले तेव्हा फारसे समजावून द्यावे लागले नाही. या लोकांची बोली पहाडी. उर्दूला जवळची, पण उर्दू नव्हे. ‘जाणे’ला ते ‘गच्छणा’ म्हणतात. शाळेत संस्कृतातले ‘गच्छति’ घोकलेल्या आम्हाला तो शब्द ऐकून कोण आनंद झाला!

मुलाला मात्र तो झाला नाही. चौदा वर्षांचा तो मुलगा बोलता बोलता हा शब्द बोलून गेला, वर्ग हसला आणि तो लाल झाला. “मिस, ती भाषा नाही, ते आमचं असंच घरातलं बोलणं,” तो इंग्रजीत म्हणाला. पुढे तीन तास त्याने तोंड उघडले नाही. बोलण्याला पंचवीस टक्के गुण असलेल्या विषयात!

आम्ही दोघी त्या रात्री बराच वेळ बोलत बसलो. आमच्याही घरात कोकणीच. उर्दू आम्हाला मिळाली ती शाळेत आणि मराठी बाजारात, मग शाळेत. निबंधात ‘बापूस’ लिहिले म्हणून आमच्या वहीवर लाल रेघ आलेली आहे, आणि पालकसभेत आमची अम्मी गप्प का बसायची, हेही आम्ही पाहिलेले आहे. ब्रॅडफर्डच्या पालकसभेत त्या मुलाची आई आली, तीही आधी हेच म्हणाली, “बाजी, आम्हाला नीट उर्दू येत नाही.” चूक नसताना माफी मागावी तसा तिचा आवाज होता.

मग आम्ही पाठात एक बदल केला. वहीच्या पानावर दोन रकाने: एकात घरचा शब्द, दुसऱ्यात उर्दू. घरचे शब्द दादी-नानीला विचारून आणायचे. लिपीचेही तसेच केले. ही मुले संध्याकाळी मदरशात कुरआन वाचतात, म्हणजे बरीचशी अक्षरे त्यांच्या ओळखीची. अरबीत नसलेली पे, टे, चे, डाल, गाफ यांसारखी तेवढी नवी. शिवाय नस्तालीकचे वळण. ‘तुम्हाला अर्धे येतेच आहे’ हे ऐकून वर्गाचा चेहराच बदलला.

आमचा पाठ पाहणाऱ्या शिक्षिकेला हे पटले नाही. परीक्षक पहाडी शब्दाला गुण देणार नाही, आणि आठवड्याचे तास मोजके, हे तिचे म्हणणे. त्यात खोटे काहीच नव्हते. आम्ही रकाने ठेवले, पण दहा मिनिटांपुरते. तो मुलगा बोलू लागला. मात्र हळू, आणि प्रत्येक वाक्याआधी डोळ्यांनी परवानगी मागून.

परत येऊन आता बरीच वर्षे झाली. मागच्या जुलैत आमच्या पाचवीच्या वर्गात एका मुलीने ‘वालिद’च्या जागी ‘बापूस’ म्हटले. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा शाळेत आले. “बाई, कोकणी तर ती घरीही शिकते,” म्हणाले, “इथे कशाला?” आम्ही त्यांना बसायला खुर्ची दिली आणि विचारले, ही कोकणी तुम्ही तिच्याशी बोलता का? ते जरा थांबले. “नाही,” म्हणाले, “तिची दादी बोलते.”