मेली, पण हक्क सोडला नाही

हे मला आधी कुणी कसं सांगितलं नाही? प्रॉपर्टियस नावाचा रोमन कवी, त्याच्या चौथ्या पुस्तकातली सातवी कविता, काळ इ. स. पूर्व 16 च्या आसपास. भाषांतर वाचता वाचता मी अक्षरशः उठून बसले!

त्याची प्रेयसी सिंथिया मेलीय, नुकतीच जाळलीय, आणि ती थेट कवीच्या बिछान्याशी हजर. केस तेच, डोळे तेच. पण वस्त्र एका बाजूनं करपलेलं, आणि बोटातल्या अंगठीचा खडा आगीनं खाल्लेला. (तो खडा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.) रडणं-बिडणं नाही, बाई हिशेब मागते. माझ्या चितेवर चार स्वस्तातली फुलं टाकायलाही तुला जड झालं? नव्या बाईनं माझी सोन्याची प्रतिमा वितळवली, माझ्या थडग्यावर हार नेला म्हणून म्हाताऱ्या दासीला ओंडक्याला जखडलं, आणि तू गप्प? सध्या दुसऱ्या बायकांना मिरवू दे, शेवटी तुझी हाडं माझ्याच हाडांशी येणार आहेत, असं बजावून ती निघून जाते. बाप रे!

सकाळी वळसंगच्या आमच्या चुलीपुढे आत्याला हे सगळं एका दमात सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "जखीणच की गं ती." म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीचं भूत. मी म्हटलं, आत्या, ती लग्नाची नव्हती. "मग तर जास्तच!"

आणि मग तिनं सवतीच्या टाकाचं सांगितलं. पूर्वी बिजवराला दिलेल्या पोरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालत, म्हणजे ती छळणार नाही. माझ्या अंगावर काटाच आला. रोममध्ये नवीनं जुनीची प्रतिमा वितळवली. इथं नवीला ती गळ्यात वागवावी लागली!

आपल्याकडच्या जुन्या कवितेत अशी कुणी आहे का, हे बघायला लगेच जोगळेकरांची 1956 ची 'गाथासप्तशती' काढली. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या गाथांत एक शेतकरी आहे. शेतात काही काम उरलेलं नाही, तरी तो घरी जात नाही, कारण बायको गेल्यामुळे घर रिकामं आहे. एक नवी कापालिका (शैव जोगीण) आहे. ती आपल्या चोरट्या प्रियकराच्या चितेची राख अंगाला फासते, त्या स्पर्शानंच तिला घाम फुटतो, राख ओघळते, पुन्हा फासते. सिंथियासारखा जाब मात्र या दोन गाथांत कुणी विचारत नाही. आत्याला या गाथा आज रात्री वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल याचीच मला जास्त उत्सुकता आहे.