लग्नातला दुसरा कॅमेरा

अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, हार पडतात. हे क्षण पुन्हा मिळत नाहीत, म्हणून लग्नाच्या छायाचित्रणात दुसरी बॉडी हवीच. ती त्याच माउंटची, त्याच बॅटरीवर चालणारी आणि शक्यतो दोन कार्डांची असावी. जुनी चालेल, पण बटणे बोटांच्या सवयीची हवीत. एकीवर २४-७० मिमी, दुसरीवर ७०-२०० मिमी लावून ठेवली की ऐन मुहूर्तावर लेन्स बदलावी लागत नाही. राखीव म्हणून ५० मिमी एफ १.८ उत्तम: स्वस्त, हलकी, आणि एफ २.८ पेक्षा दुपटीहून अधिक प्रकाश घेणारी. मंद उजेडाच्या कार्यालयात तीच तारते. निघण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे जरूर जुळवावीत. नाहीतर अल्बम लावताना सप्तपदी कन्यादानाच्या आधी येते.